दोन देशांची वही

मुलांनो, आज एका हिशेबाची गोष्ट सांगतो. हिशेब म्हटल्यावर लगेच पान उलटू नका हं! या हिशेबात चहा आहे, मिरी आहे, पोलादाचा भलामोठा कारखाना आहे, राज कपूरसुद्धा आहे. आणि फेडायला पंचेचाळीस वर्षं लागणारं एक कर्जही आहे.

समजा, तुमच्या चाळीत एक काकू राहतात. पापड-लोणची करून विकतात. समोरच्या खोलीत एक शिंपीकाका. काकूंना पोरांचे गणवेश शिवून हवेत आणि काकांच्या घरी पापड हवेत. पण महिनाअखेर! दोघांच्याही खिशात खडखडाट. मग काकू म्हणतात, "हे बघा भाऊजी, तुम्ही कपडे शिवा, मी पापड देत जाईन. एक वही ठेवू. तुम्ही शिवलंत की शिलाई तुमच्या नावावर जमा, मी पापड दिले की तेवढी रक्कम वजा." झालं! नोटेला हात न लावता दोघांची कामं सुरू.

१९५३ साली दोन देशांनी थेट अशीच एक वही उघडली. एक आपला भारत आणि दुसरा सोव्हिएत युनियन. आजच्या नकाशात हा दुसरा देश शोधू नका, सापडायचा नाही. रशिया, युक्रेन, उझबेकिस्तान अशी पंधरा प्रजासत्ताकं मिळून तो बनला होता. आपल्याकडे सगळे त्याला सरसकट 'रशिया'च म्हणत.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या मोठ्या देशांना वही कशाला हवी? पैसे देऊन माल का नाही घेतला? अहो, पण कुठले पैसे? आपल्याला स्वातंत्र्य मिळून जेमतेम सहा वर्षं झाली होती. धरणं बांधायची होती, कारखाने उभारायचे होते. त्यासाठी लागणारी यंत्रं परदेशात मिळत, आणि ती विकणारा माणूस म्हणे, "डॉलर द्या नाहीतर पौंड द्या." आपला रुपया परदेशात कोणी घेत नसे. डॉलर मिळवायचे तर आपण काहीतरी विकायला हवं, आणि आपल्याकडे विकण्यासारखं होतं चहा, ताग, कातडी, मसाले. त्यातून मिळणारं परकीय चलन धान्य आणि तेल आणण्यातच संपून जाई.

गंमत अशी, की सोव्हिएत युनियनचं दुखणंही काहीसं असंच होतं. त्यांच्याकडे यंत्रं होती, इंजिनिअर होते, पण त्यांचा रुबलही देशाबाहेर चालत नसे. आणि त्या थंड मुलखात मिरी थोडीच पिकणार! काजू नाहीत. चहा पिकत असे, पण तो सगळ्यांना पुरेल इतका नव्हता. आणि रशियन माणूस चहाबाज, अगदी आपल्यासारखाच.

२ डिसेंबर १९५३ रोजी दिल्लीत व्यापारकरारावर सह्या झाल्या. देवाणघेवाण रुपयांत करायची असं ठरलं. म्हणजे कसं, तर सोव्हिएत युनियनने आपल्याला यंत्रं विकली की त्यांच्या नावे भारतातल्या बँकेत रुपये जमा होत. त्याच रुपयांतून ते आपला चहा, मिरी, बूट खरेदी करत. चहाच्या व्यापाऱ्याला त्याचे रुपये इथल्या इथे मिळत. माल बोटींनी समुद्रापार जाई-येई, पण रुपये? ते भारताबाहेर पाऊलसुद्धा टाकत नसत. वर्षातून एकदा दोन्हीकडचे अधिकारी समोरासमोर बसून यादी करत. पुढच्या वर्षी चहा किती, कापड किती, रॉकेल किती, वर्तमानपत्राचा कागद किती. अगदी वाणसामानाची यादी करावी तसं!

या वहीची सगळ्यात मोठी करामत बघायची असेल तर नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसा. रायपूर येण्याआधी दुर्ग लागतं, आणि त्यापाठोपाठ भिलाई. खिडकीतून उंच धुराडी दिसतात. हा भाग आज छत्तीसगडमध्ये आहे, तेव्हा मध्य प्रदेशात होता. पोलाद तयार करणारे जमशेदपूरसारखे मोजकेच कारखाने तेव्हा देशात होते. पोलाद नाही म्हणजे रूळ नाहीत, पूल नाहीत, यंत्रं नाहीत. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईचा करार झाला. वर्षाला दहा लाख टन पोलाद काढणारा कारखाना, आणि त्यासाठीचं कर्जही सोव्हिएत युनियनच देणार. व्याज फक्त अडीच टक्के. बारा वार्षिक हप्ते. आणि हप्ते कशात फेडायचे? रुपयांत! त्या रुपयांचं ते काय करणार? आपलाच माल घेणार. म्हणजे फिरून फिरून काय झालं, तर आसामच्या मळ्यात पानं खुडणाऱ्या बाईने भिलाईच्या भट्टीचा हप्ता भरला. तिला बिचारीला याचा पत्ताही नसेल.

रशियन इंजिनिअर बायका-मुलांसह भिलाईत येऊन राहिले. ४५ अंशांच्या उन्हात त्यांचं काय झालं असेल, कल्पना करा! ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. तुम्ही आगगाडीने गावी जाता ना, त्या रुळांपैकी पुष्कळसे रूळ भिलाईचे असतात. तिथे 'मैत्री बाग' नावाचं प्राणिसंग्रहालय आहे. ही मैत्री म्हणजे भारत-सोव्हिएत मैत्री.

फक्त रशियानेच आपल्याला मदत केली असं मात्र कोणी समजू नये. त्याच सुमारास राउरकेलाचा कारखाना पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूरचा ब्रिटनच्या साहाय्याने उभा राहत होता. बोकारोसाठी तर आपण आधी अमेरिकेकडे गेलो होतो. अध्यक्ष केनेडी अनुकूल होते, पण सरकारी मालकीच्या कारखान्याला आपले पैसे का द्यायचे, म्हणून अमेरिकेच्या संसदेत विरोध झाला. १९६३ साली भारताने आपणच तो विषय मागे घेतला आणि मग तिथेही सोव्हिएत मदत आली.

मुंबईकरांना तर इतकं लांब जायलाही नको. पवईची आय.आय.टी. १९५८ साली सुरू झाली, ती युनेस्कोच्या मार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने. तिथली सुरुवातीची पुष्कळ यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ तिकडूनच आले.

आता जरा आई-बाबांना बोलवा आणि विचारा, त्यांच्या लहानपणी घरात मॉस्कोत छापलेलं एखादं मराठी पुस्तक होतं का? हो हो, मॉस्कोत आणि मराठीत! जाड पुठ्ठा, सुंदर रंगीत चित्रं आणि किंमत अगदी किरकोळ. अनेक घरांच्या माळ्यावर ती अजून सापडतील. आणि आपल्याकडून तिकडे काय गेलं? १९५४ साली राज कपूरचा 'आवारा' तिकडे लागला आणि लोकांनी तो अक्षरशः डोक्यावर घेतला.

पण यावरून सगळं गोडीगुलाबीचं होतं असा समज करून घेऊ नका. सरकारं नुसत्या प्रेमापोटी कारखाने देत नसतात. भारत अमेरिकेच्या कह्यात जाऊ नये असं सोव्हिएत युनियनला वाटे. आपल्याला पोलाद, तेल आणि शस्त्रं हवी होती. आपण कोणत्याच गटात नाही असं आपण म्हणत असू, तरी ९ ऑगस्ट १९७१ रोजी या दोन देशांनी मैत्रीचा रीतसर करार केला. स्नेह खरा होता आणि गरजही खरी होती. त्यातलं कोणतं किती, ते मोजायला काटा नाही.

वहीचे तोटेही होते. गिऱ्हाईक बांधलेलं आहे म्हटल्यावर दुकानदार सुस्तावतो की नाही? आपल्याकडच्या काही व्यापाऱ्यांचं तसंच झालं. कसाही माल पाठवला तरी खपतो म्हणून दर्जाकडे काणाडोळा झाला, अशी टीका होत असे. दुसरी अडचण याहून अवघड. एक रुबल म्हणजे किती रुपये, हे ठरवायचं कोणी? दोन्ही चलनांची खुल्या बाजारात खरेदी-विक्री होत नव्हती. शेवटी १९७८ साली दोन्ही सरकारांनीच बसून दर बांधून घेतला. कागदावर तो ठीक दिसत होता.

आणि मग १९९१ साल उजाडलं. त्या वर्षी आपलीच तिजोरी इतकी रिकामी झाली होती, की जुलैत रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं तारण म्हणून लंडनला पाठवावं लागलं. आणि डिसेंबरात सोव्हिएत युनियन हा देशच संपला! आपला चहा सगळ्यात जास्त घेणारं गिऱ्हाईक एका वर्षात नाहीसं झालं. मळेवाले, बूट करणारे, होजियरीवाले, सगळे हवालदिल.

वहीत मात्र एक मोठा आकडा शिल्लक राहिला होता. मुख्यतः शस्त्रास्त्रांपोटी भारताचं देणं साधारण १,००० कोटी रुबल इतकं होतं. ते आता रशियाला द्यायचं. पण किती द्यायचं? इथे तुम्ही पेन्सिल हातात घ्या. १९९० पर्यंत सरकारी दराने एक रुबल एका डॉलरहून महाग होता. १९९२ च्या अखेरीस एका डॉलरला ४०० हून जास्त रुबल मिळू लागले! म्हणजे जुन्या सरकारी दराने आपलं देणं १,००० कोटी डॉलरच्याही वर, आणि नव्या बाजारभावाने? १,००० कोटींना ४०० ने भागा. फक्त अडीच कोटी डॉलर! एकच कर्ज, एकाच वहीतलं, आणि उत्तरात केवढा हा फरक!

तुम्ही मित्राकडून दहा गोट्या उसन्या घेतल्या आणि उद्या वाण्याकडे गोट्या पोत्याने मिळू लागल्या, तर त्याला दहा गोट्याच परत द्याल, की तेव्हाच्या दहा गोट्यांच्या मोलाचं काही द्याल? नेमका हाच वाद होता. जानेवारी १९९३ मध्ये अध्यक्ष बोरिस येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा तोड निघाली. कर्जाचा ६३ टक्के भाग बारा वर्षांत, २.४ टक्के व्याजाने फेडायचा. उरलेला ३७ टक्के पंचेचाळीस वर्षांत, बिनव्याजी. आणि फेड पुन्हा रुपयांतच. त्यातून रशियाने आपला माल घ्यायचा. बाजारभाव पाहिला तर भारताने बरंच जास्त कबूल केलं. काहींना तो तोटा वाटला. मला विचाराल तर दुसरा मार्ग फारसा नव्हता. आपल्या सैन्याची विमानं, रणगाडे तिकडचे, त्यांचे सुटे भागही तिकडूनच यायचे. ज्याच्याकडे आपलं शिवणयंत्र दुरुस्तीला जातं, त्याच्याशी पैशावरून किती भांडणार?

वही मिटली असं सगळ्यांना वाटलं. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. अमेरिका आणि युरोपने रशियाची आर्थिक कोंडी केली, डॉलरचे रस्ते अडवले. रशिया स्वस्तात तेल देऊ लागला आणि भारत ते भरभरून घेऊ लागला. त्याच वर्षी ११ जुलैला रिझर्व्ह बँकेने परदेशांशी रुपयांत व्यवहार करण्याची व्यवस्था जाहीर केली. जुनी वही नव्या पुठ्ठ्यात! सगळं तेल रुपयांत घेतलं गेलं असं नव्हे, इतर चलनंही वापरली गेली. तरी पुष्कळ रुपये रशियाच्या खात्यांत साठत गेले.

मे २०२३ मध्ये गोव्यातल्या बाणावलीला परराष्ट्रमंत्र्यांची एक बैठक होती. तिथे रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लाव्हरोव्ह यांनी पत्रकारांना आपली अडचण सांगितली. भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत! का? आकडे बघा. २०२३-२४ या वर्षात आपण रशियाकडून सुमारे ६१ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि त्यांना विकला चार अब्जांहून थोडा जास्त. शिंपीकाकांनी अख्ख्या चाळीचे कपडे शिवून दिले, वहीत त्यांच्या नावावर डोंगराएवढी रक्कम जमली. पण त्यांच्या घरची माणसं खाऊन खाऊन पापड किती खाणार?

अशा रुपयांतून भारत सरकारचे रोखे घ्यायची मुभा देण्यात आली आहे. जुलै २०२४ मध्ये मॉस्कोत दोन्ही देशांनी ठरवलं, की आपसातला व्यापार २०३० पर्यंत १०० अब्ज डॉलरवर न्यायचा. यादी करायला अधिकारी पुन्हा समोरासमोर बसताहेत. आपल्याकडून औषधं जातात, यंत्रं जातात, चहा तर जातोच. तुम्ही काकूंच्या जागी असता तर पापडांखेरीज आणखी काय काय करून दिलं असतं? जेवताना घरच्यांना विचारा आणि एक यादी करून आम्हाला पोस्टकार्डावर पाठवा.