राणीचा बाग

भायखळ्याच्या स्थानकातून पूर्वेकडे उतरून, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, मोटारींचे भोंगे आणि ज्येष्ठातल्या उन्हाने मऊ पडलेल्या डांबराचा वास यांतून वाट काढीत मनुष्य दहा-बारा मिनिटे उत्तरेकडे चालला, की रस्त्याच्या कडेच्या कुंपणाआड एकाएकी हिरवा काळोख दाटून आलेला दिसतो. फाटकावर तिकीट घ्यावे, पिशवीची झडती द्यावी आणि पन्नास पावले आत जावे. रस्त्यावरची घरघर थांबत नाही, परंतु शेजारच्या बिऱ्हाडात चाललेल्या भांडणासारखी ती दुसऱ्या कोणाची तरी होऊन जाते.

या स्थळाचे सरकारी नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. त्याआधी ते व्हिक्टोरिया गार्डन होते. मुंबईकराने या दोन्ही नावांना आदरपूर्वक नमस्कार करून आपले तिसरेच नाव चालू ठेवले. राणी ठेवली, तिचे नाव गाळले, आणि ‘राणीचा बाग’ म्हणून तो मोकळा झाला. फारसीला लिंगाची पंचाईत नाही. मराठीत आल्यावर मात्र बाग या शब्दाचा निकाल अद्याप लागलेला नाही, म्हणून आपण ‘राणीचा बाग’ म्हणतो आणि लगोलग ‘राणीच्या बागेत’ जातो. मीही या लेखात दोन्ही पक्षांना राजी राखणार आहे.

या बागेचे मूळ बिऱ्हाड येथले नव्हे. पश्चिम हिंदुस्थानच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची वनस्पतींची बाग आधी शिवडीला होती; ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीकडे गेली, आणि जेथे कलमे रुजवावयाची तेथे माणसे निजू लागली. सोसायटीने आपला रोपांचा सरंजाम १८६१ साली माझगावच्या माउंट इस्टेट नावाच्या मिळकतीवर हलविला, आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते बाग लोकांस खुली झाली. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, इकडे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते, आणि पेढ्यांवर वाहणाऱ्या त्या पैशाचे काही पाट शहराच्या शोभेकडेही वळत होते. बागेच्या तोंडाशी डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा उभा आहे, तो त्या दिवसांतला. १८७३ मध्ये बाग म्युनिसिपालिटीकडे आली आणि आजतागायत तिच्याच दप्तरी आहे.

पण तारखांनी बाग समजत नाही. ती कोणत्या वेडाने लावली गेली हे समजून घ्यावयाचे तर डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी लाड या दोघा वैद्यांकडे पाहिले पाहिजे. बर्डवुड पेशाने सरकारी शल्यवैद्य, पण त्यांचे चित्त रोग्यांइतकेच झाडपाल्यात, रंगांत, कापडात आणि कारागिरीत गुंतलेले; १८६२ साली त्यांनी मुंबई इलाख्यातील उपयुक्त उत्पन्नांची यादीच छापून काढली. भाऊ दाजी पेडण्याकडच्या मांद्र्याचे. मुंबईत वैद्यकी करता करता जुने शिलालेख वाचणारे, आणि कुष्ठरोगावर कडू कवठाच्या बियांचे औषध धुंडाळणारे. बागेच्या दाराशी जे वस्तुसंग्रहालय आहे त्याच्या उभारणीत हे दोघेही होते. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेटही होते, परंतु नानांचा हात त्या काळच्या मुंबईत कोठे नव्हता हे सांगणेच अधिक कठीण.

त्या वेळी सगळ्या जगाच्या देवळांतून आणि चर्चांतून जळणारा कुंदुरू धूप नेमका कोणत्या झाडाचा डिंक, हे युरोपातल्या पंडितांस नीटसे उमगले नव्हते. आपल्या डोंगरांवरच्या साळईच्या कुळातली ही झाडे सोमाली किनाऱ्यावरून आणवून या बागेत लावली गेली. समुद्रापलीकडच्या कोरड्या खडकांत वाढणाऱ्या त्या रोपांनी भायखळ्याच्या ओल्या हवेत तग धरला, आणि त्यांच्या आधारे बर्डवुडांनी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे निबंध वाचून तीन नव्या जातींचे नामकरण केले. एकीला कार्टर नावाच्या एका डॉक्टरांचे नाव दिले, दुसरीला गव्हर्नर फ्रिअर यांचे, आणि तिसरीला, लॅटिनची विभक्ती लावून, भाऊ दाजींचे. बोस्वेलिया भाऊ-दाजिआना! गिरगावच्या गल्लीतून रोग्यांच्या घरी जाणाऱ्या एका मराठी वैद्याचे नाव आफ्रिकेतल्या धुपाच्या झाडाला मिळावे, यापरते त्या बागेच्या उमेदीचे दुसरे चिन्ह मला माहीत नाही. पुढल्या पंडितांच्या फेरतपासणीत ही निराळी जात म्हणून टिकली नाही आणि नाव दप्तरात मागे पडले. पण १९७५ साली शेजारच्या संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव मिळाले. झाडाने गमावले ते इमारतीने राखले.

संग्रहालयाच्या अंगणात आणि बागेच्या दर्शनी भागात दगडांचीही एक वसाहत आहे. घारापुरीचा जो दगडी हत्ती पाहून पोर्तुगीजांनी त्या बेटाचेच बारसे केले, त्याला १८६४ साली विलायतेस न्यावयाचा बेत झाला, उचलताना तो कोसळून फुटला, आणि त्याचे तुकडे येथे येऊन पडले. पन्नासएक वर्षांनी ते सांधून त्यास पुन्हा उभे करण्यात आले. खंडेराव गायकवाडांनी दिलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही येथेच आहे. तो किल्ल्याच्या मैदानाकडे असताना १८९६ साली दामोदर चाफेकरांनी त्याला डांबर फासून गळ्यात जोड्यांची माळ घातली होती, आणि तो डाग कोणाच्याने निघेना तेव्हा प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी आपले रसायनशास्त्र पणाला लावून तो काढला. राजपुत्र एडवर्डला पाठीवर वागविणारा काळा घोडा १९६५ मध्ये येथे आला. त्याच्या मूळ नाक्याला मात्र तो नसतानाही त्याचेच नाव राहिले. एकंदरीत, सत्ता गेल्यावर सत्तेच्या खुणांचे करावयाचे काय, या प्रश्नाला मुंबईने मोठे मराठमोळे उत्तर दिले: फोडले नाही, पुजले नाही, माळ्यावर टाकले. राणीचा बाग हा शहराचा माळा होय. जुने भांडे माळ्यावर चढविताना घरची बाई जसे त्यावर एक फडके टाकते, तशी येथल्या झाडांनी या मंडळींवर सावली टाकली आहे.

झाडांतही परदेशस्थ थोडे नाहीत. तरी त्यांना कोणी परके म्हणत नाही. आतल्या एका वाटेवर कैलासपतीपाशी मी बराच वेळ थबकलो. त्याची फुले फांद्यांच्या टोकाला येत नाहीत. बुंध्यापासूनच दोरखंडासारखे वळसे फुटतात आणि त्यांवर ती लगडतात. एक नुकतेच गळलेले फूल तळहातावर घेतले. सहा जाड, मांसल पाकळ्या, बाहेरून पिवळट, आतून गुलाबी-लाल; मधोमध केसरांची वर्तुळाकार बैठक, आणि तिच्या एका कडेतून निघून पुढे झुकलेला, असंख्य तंतूंचा फणा. फण्याखाली लिंग आहे असे सांगावे लागत नाही, डोळ्यांना ते आधीच दिसलेले असते. जवळच एक बाई पदराच्या ओच्यात फुले गोळा करीत होत्या. बुंध्याशी टेकलेला म्हातारा माळी मला म्हणाला, “सायेब, त्या गोळ्याखाली उभं राहू नका. कवा सुटंल, नेम न्हाय.” वर पाहिले तर तोफेच्या गोळ्याएवढी तपकिरी फळे लोंबत होती. “फुटलं का घाण मारतंय, आन् आतला गर निळा पडतोय,” त्याने पुरवणी जोडली. “मग देवाला कसं चालतं, आजोबा?” मी विचारले. “देवाला फूल लागतंय. फळ मागितलंय कुनी?”

हे झाड दक्षिण अमेरिकेतले, गियानाकडचे. आपल्या कोणत्याही पुराणाने त्याला पाहिलेले असणे शक्य नाही. तरी रूपाच्या एका साधर्म्यावर त्याला थेट कैलासाची जहागीर मिळाली. उलट अस्सल देशी सीतेच्या अशोकाची दशा पाहा. बंगल्यांच्या आवारात भालदारासारखी उभी राहणारी ती उंच, फुले नजरेत न भरणारी झाडे अशोक म्हणून मिरवितात, आणि खरा अशोक, ज्याची शेंदरी फुले लाकडातूनच उमलून दिवसागणिक लाल होत जातात, तो येथे उभा असता लोक त्याला विचारीतही नाहीत. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशीही येथे आहे. तिला पाहावयास माघ-फाल्गुनात यावे. कोवळी तांबूस पालवी ओल्या वस्त्रासारखी निथळत असते आणि खाली लाल फुलांची झुंबरे सुटलेली असतात.

गर्दी अर्थात यांच्यासाठी येत नाही. १८९० च्या सुमारास बागेला प्राणिसंग्रहालय जोडले गेले आणि तेव्हापासून झाडे ही जनावरांच्या पिंजऱ्यांची सावली ठरली. आम्हीही लहानपणी हत्तीवर बसण्याच्या आशेनेच येथे येत असू. कोणते झाड पाहिले असे त्या वयात मला कोणी विचारले असते, तर मी त्याला वेड्यात काढले असते. आताचे पाहुणे २०१६ साली सोलहून आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांचे. बाहेर अंगाची लाही होत असताना काचेआड थंडगार पाण्यात ते पोहतात, आणि साताऱ्याकडून आलेली कुटुंबे डबे सोडण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारतात तो “पेंगविन कुठंशी?” हाच. चालू शतकाच्या पहिल्या दशकात बागेचे रूप पालटण्याची एक अवाढव्य योजना पुढे आली, तेव्हा काही नागरिकांनी, त्यांतही विशेषेकरून स्त्रियांनी, ही आधी वनस्पतींची बाग आहे हे महापालिकेस चिकाटीने ऐकविले. त्यांच्यापाशी वादापेक्षा मोजदाद होती: तीन हजारांच्या वर झाडे, पावणेतीनशेंच्या वर जाती. मुंबईसारख्या चौरस फुटाने बोलणाऱ्या नगरीत कोणी झाडांची खानेसुमारी हाती घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्यात, हे मला तरी थोरपणाचे वाटते.

परतताना गोरखचिंचेशी आलो. आफ्रिकेतून आलेली, पाणी साठवून साठवून अंगाने फुगलेली, करड्या कातडीची ही म्हातारी पाहिली की झाडापेक्षा जनावराचीच आठवण व्हावी. गोरखनाथांनी तिच्याखाली शिष्यांस उपदेश केला असे म्हणतात. लांब देठांवर हिरव्या, लिंबाएवढ्या कळ्या उलट्या टांगल्या होत्या. त्यांतली एक आज उमलणार हे तिच्या ताणलेल्या सालीवरून दिसत होते. हे फूल अंधार पडल्यावर उघडते. पांढरे, हाताच्या पंजाएवढे. वटवाघळे त्यावर येतात, आणि दुसऱ्या दिवशी ते तपकिरी होऊन गळते. मी थांबावे म्हणून तेथल्या बाकावर बसलो, तोच रखवालदाराची शिट्टी वाजली. फाटक बंद व्हावयाची वेळ झाली होती.

माळी झाडू खांद्यावर टाकून चालला होता. “आजोबा, तुम्ही तरी पाहिलंय का हे उमललेलं?” मी विचारले. तो हसला. “आमचा नंबर सकाळचा, सायेब. आमी झाडून काडतो.”