साचे व घटक, सामायिक (पायथन संकेतस्थळांतील)

परस्परसंबंधित संकेतस्थळांनी पृष्ठरचनेचे साचे व आज्ञावलीचे घटक एकाच मूळ प्रतीतून वापरण्याची पद्धती. कॅनझस राज्यातील (अमेरिका) लॉरेन्स येथील एक वृत्तपत्रसंस्था एलजेवर्ल्ड.कॉम व लॉरेन्स.कॉम ही संकेतस्थळे चालवीत असे. काही बातम्या दोन्हींवर द्याव्या लागत. तेथे तयार झालेली ‘जँगो’ ही संकेतस्थळे उभारण्याची पायथन भाषेतील चौकट २००५ मध्ये सर्वांना खुली करण्यात आली.

मूळ साच्यात पृष्ठाचा समान भाग एकदाच लिहितात व बदलत्या मजकुरासाठी नामांकित जागा ठेवतात. उपसाचा तेवढ्याच भरतो. यास साच्यांचा वारसा म्हणतात. साचा शोधताना सामान्यतः प्रथम त्या संकेतस्थळाचा स्वतःचा फोल्डर व नंतर यादीच्या क्रमाने घटकांचे फोल्डर पाहिले जातात. पहिला सापडलेला साचा वापरला जातो. त्यामुळे सामायिक घटकात फेरफार न करता एखाद्या संकेतस्थळास आपला निराळा साचा योजता येतो. मात्र दोन घटकांतील साच्यांची नावे सारखी असल्यास भलताच साचा निवडला जातो; म्हणून प्रत्येक घटकाचे साचे त्याच्याच नावाच्या उपफोल्डरमध्ये ठेवतात.

नकला केल्यास एकच दोष अनेक ठिकाणी दुरुस्त करावा लागतो. प्रत सामायिक असल्यास एक चूक सर्वत्र पोहोचते. यास्तव घटकाच्या आवृत्तींना क्रमांक देणे व चाचणीनंतरच नवी आवृत्ती स्वीकारणे इष्ट ठरते.