रानकोंबडा आणि वणवा

फेझंट म्हटला की विलायतेतला शिकारीचा पक्षी आठवतो. पण आपला मोर आणि सह्याद्रीच्या रानातला राखी रानकोंबडा हेही त्याच कुळातले. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळेपणा या रानकोंबड्याकडून आला, हे २००८ साली संशोधकांनी दाखवून दिले.

त्याच्या मानेवरची मेणाच्या थेंबांसारख्या ठिपक्यांची पिसे मासेमारीच्या गळांसाठी विलायतेस जात. त्यापायी पुष्कळ पक्षी मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज त्याची शिकार गुन्हा आहे.

दुसरे संकट वणव्याचे. मादी जमिनीवरच, पाचोळ्यात चार ते सात अंडी घालून सुमारे तीन आठवडे उबवते. विणीचा मुख्य काळ फेब्रुवारी ते मे. नेमके तेव्हाच रान पेटते. अंडी जळतात, आडोसा जातो आणि पिलांचे खाद्य असलेले किडेही नाहीसे होतात.

लालबाग-परळहून मे महिन्यात गावी जाणारे आपण पुष्कळ आहोत. फासा दिसला तर वनखात्यास कळवावे, विडी पुरती विझवावी आणि गावकीच्या बैठकीत वणव्याचा प्रश्न मांडावा. एकजुटीने काम करण्याची सवय गिरणगावाला आहेच. ती तेथेही उपयोगी पडेल.