एका चिपमध्ये जॉयस्टिक: मामाचा स्पेक्ट्रम आणि माझी चुकलेली ओळ

आजचा भाग जरा सोल्डरच्या वासाचा आहे.

माझ्या मामाने १९८८ साली डीबी स्पेक्ट्रम घेतला होता. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रमची ही भारतातली परवान्याची आवृत्ती. झेड-८० प्रोसेसर, साडेतीन मेगाहर्ट्‌झ, ४८ केबी रॅम. गेल्या दिवाळीत त्याने तो माळ्यावरून काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, "चालतोय अजून. याला जॉयस्टिक लावून दे बघू. पण जाळू नकोस हं!"

हे 'जाळू नकोस' थट्टेत नव्हतं. स्पेक्ट्रममध्ये यूएलए नावाची एक चिप असते. पडदा, कीबोर्ड, टेप, सगळं तीच सांभाळते. फेरांटीने बनवलेली ही चिप आता कोणी बनवत नाही.

आता जॉयस्टिकचं गणित बघा. स्पेक्ट्रमवर सगळ्यात जास्त चालला तो केम्पस्टन प्रकार. गेम पोर्ट ३१ वाचतो आणि आठ बिट मिळतात. पहिले पाच अनुक्रमे उजवीकडे, डावीकडे, खाली, वर आणि फायर. उरलेले तीन शून्य. म्हणजे आपल्या सर्किटचं काम एवढंच: प्रोसेसरने हा पोर्ट विचारला की उत्तर द्यायचं, एरवी गप्प बसायचं.

अवघड आहे ते गप्प बसणं. डेटाच्या तारा सगळ्यांच्या सामायिक. दोघं एकदम बोलले तर एक तार वर ओढणार, दुसरा खाली, आणि त्यात चिप जळू शकते. स्वस्तातले जुने इंटरफेस पत्त्याची फक्त ए५ ही एकच तार तपासायचे. ती शून्य असली की उत्तर ठोकून द्यायचे. पण केम्पस्टन माऊसच्या पोर्टातही ए५ शून्यच असते! झालं, भांडण. म्हणून मी ए५, ए६ आणि ए७ तिन्ही तपासायचं ठरवलं.

पूर्वी यासाठी ७४ मालिकेतल्या दोन-तीन चिप जोडाव्या लागायच्या. मी एकच घेतली: गॅल १६व्ही८. वीस पिनांची, पाच व्होल्टवर चालणारी. या घराण्यातली आधीची चिप म्हणजे पाल, मोनोलिथिक मेमरीज कंपनीने १९७८ मध्ये आणलेली. तिच्यातले फ्यूज एकदा जाळले की संपलं. लॅटिसची गॅल १९८५ ची, ती पुसून परत लिहिता येते. कपल भाषेत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये समीकरणं लिहायची, जेडेक फाइल बनवायची आणि प्रोग्रॅमरमध्ये चिप ठेवून बर्न करायचं.

आपण सॉफ्टवेअरवाले इथे एक गोष्ट विसरतो. ही समीकरणं वरून खाली 'रन' होत नाहीत. सगळी एकाच वेळी, कायम खरी असतात. प्रत्येक ओळ म्हणजे एक जोडलेली तार.

चिपला फक्त इनपुटसाठी दहा पिना आहेत आणि आउटपुटसाठी आठ. आउटपुट आठही डेटाला गेले. इनपुटला पाच जॉयस्टिकच्या तारा, तीन पत्त्याच्या आणि पोर्टसाठीचा आयओआरक्यू सिग्नल. झाले नऊ. दहावी पिन मी चालू-बंद स्विचला दिली. वाचनाचा सिग्नल आरडी वगळला. म्हटलं, काय बिघडतंय?

बेसिक मस्त चाललं. काही गेम चालले. काही मात्र मध्येच कोसळायचे, आणि तेही दर वेळी वेगळ्या जागी. तीन आठवडे मी सोल्डरलाच शिव्या घातल्या.

कारण असं निघालं. झेड-८० आयओआरक्यू दोन कामांना वापरतो: पोर्टशी बोलायला आणि इंटरप्टची पोच द्यायला. स्पेक्ट्रममध्ये इंटरप्ट सेकंदाला ५० वेळा येतो. त्या क्षणी पत्त्यावर प्रोग्रॅम काउंटर असतो. त्याचे ते तीन बिट शून्य निघाले की माझी चिप मध्येच बोलायची: 'शून्य!' बेसिक तो बाइट बघतच नाही. पण इंटरप्ट मोड दोन वापरणारे गेम तो बाइट घेऊनच पुढे कुठे जायचं ते शोधतात. ज्यांनी तिथे २५५ मिळेल असं गृहीत धरलं होतं, ते भलतीकडे गेले.

पोच देताना आरडी बंद असतो. म्हणजे मी वगळला तोच सिग्नल हवा होता! तो नसल्यामुळे, कोणी या पोर्टवर लिहायला गेलं असतं तर माझी चिप थेट प्रोसेसरशी भिडली असती. नशीब, मामाचं मशीन वाचलं.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. स्विच काढला, त्या पिनेवर आरडी आणला, एक ओळ बदलली, तीच चिप पुसून परत बर्न केली. आणि हो, बोर्ड लावताना-काढताना पॉवर बंद, हे विसरू नका.

आता माझा खरा मुद्दा. गॅलच्या डेटाशीटमध्ये माहिती टिकण्याचा काळ २० वर्षांचा दिलाय. शिवाय तिच्यात एक सिक्युरिटी बिट असतो. तो लावला की आतलं परत वाचता येत नाही. म्हणजे नुसती चिप जपून भागत नाही, समीकरणं जपावी लागतात. यूएलएचं उदाहरण घ्या. क्रिस स्मिथ यांनी तिचं अंतरंग उकलून २०१० मध्ये पुस्तकात मांडलं. असं कोणीतरी लिहून ठेवतं, म्हणून पुढचे लोक बंद पडलेल्या मशीनमध्ये जीव आणू शकतात.

म्हणून मी सिक्युरिटी बिट लावला नाही. समीकरणांचा कागद छापला, त्यावर माझी चूकही लिहिली आणि मामाच्या स्पेक्ट्रमच्या डब्यात ठेवला. मामा तो वाचणार नाही, तो सध्या गेम खेळतोय. पण वीस वर्षांनी कोणीतरी तो डबा उघडेल.

भेटू पुढच्या भागात!