उतरलेल्या बॅटरीची साठ वर्षं

स्पोर्ट्स कार घेणारा माणूस इंजिनाबद्दल तासभर बोलतो, रंग ठरवायला महिना घालवतो. बॅटरीचा विषय त्याच्या तोंडी येतो तो ती उतरल्यावरच. पण या गाड्या साठ वर्षांत किती बदलल्या हे पाहायचं असेल, तर बॅटरीच्या या दुर्लक्षित डब्याइतका चांगला साक्षीदार नाही, असं माझं ठाम मत आहे. पूर्वी बॅटरी बसली की गाडी सुरू होत नसे. आता बॅटरी बसली की गाडी उघडतही नाही.

हा त्रास स्पोर्ट्स कारलाच जास्त होतो, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. ऑफिसला नेण्याची गाडी रोज फिरते, ही आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात महिन्यातून एकदा. बाकीचा वेळ ती कव्हरखाली उभी असते. बॅटरीला उभं राहणं मानवत नाही.

१९६२ साली एमजीबी ही ब्रिटिश टू-सीटर आली. तिच्यात बारा व्होल्टची एक बॅटरी नव्हती. सहा-सहा व्होल्टच्या दोन होत्या, एकीला एक जोडलेल्या, आणि त्या बसवल्या होत्या सीटच्या मागे, कार्पेटखाली, झाकणाआड. बॉनेटखाली जागा नव्हती आणि वजनही मागे गेलेलं बरं, असा तो हिशेब. वजनाच्या दृष्टीने तो बरोबरच होता. पण जे डोळ्यांना दिसत नाही त्यात डिस्टिल्ड वॉटर कोण टाकणार? पाणी आटायचं, ॲसिडने खालची पत्र्याची पेटी गंजायची. पहिली काही वर्षं या गाडीत अल्टरनेटर नव्हता, डायनॅमो होता. तो इंजिन संथ चालत असताना धड चार्जिंग देत नाही. त्यात गाडीच्या बॉडीला जोडलेली तार निगेटिव्ह नव्हती, पॉझिटिव्ह होती. मदतीला आलेल्याने नेहमीच्या सवयीने जम्पर लावला तर ठिणग्या उडणार हे ठरलेलं. १९६७ मध्ये अल्टरनेटर आणि निगेटिव्ह अर्थिंग आलं, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दोन बॅटऱ्यांच्या जागी एक आली.

तरीही त्या काळाचं एक मोठं सुख होतं. गाडी हलकी, गिअर हाताचा, इंजिनाला कार्ब्युरेटर. दोघांनी मागून धक्का द्यायचा, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, की गाडी चालू. बॅटरीत दिव्यापुरता जीव असला तरी भागायचं.

जर्मनीत पोर्शेची अडचण निराळी होती. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दाखवलेल्या ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. त्यामुळे नाक हलकं आणि वळणावर मागची बाजू बाहेर फेकली जायची. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरमध्ये चक्क ११-११ किलोची वजनं बसवावी लागली. १९६९ च्या मॉडेलमध्ये व्हीलबेस ५७ मिलिमीटरने वाढवला, आणि एका बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्या. नुसतं वजन म्हणून लोखंड वाहण्यापेक्षा उपयोगाचं वजन वाहिलं. बॅटरी कुठे ठेवायची या प्रश्नाला याहून देखणं उत्तर मी पाहिलेलं नाही. मालकाला मात्र एक पथ्य पाळावं लागे: समांतर जोडलेल्या दोनपैकी एक बिघडली की ती दुसरीलाही ओढून खाली आणते, म्हणून बदलायच्या तर दोन्ही एकदम. १९७४ पासून पुन्हा एकच बॅटरी आली.

बॅटरी उतरते म्हणजे आत काय होतं, ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. शिसं आणि गंधकाम्ल यांची ही रचना फ्रान्सच्या गॅस्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये केली. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२ च्या आसपास आली की ती जवळजवळ रिकामी. वीज वापरली जाते तशी दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं, चार्जिंगने ते पुन्हा विरघळतं. पण रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर त्या सल्फेटचे मोठे, कडक खडे होतात आणि मग ते कोणत्याही चार्जरला दाद देत नाहीत. चार्जिंगनंतरही बॅटरी साडेदहा व्होल्टवर अडकून बसली असेल तर बहुधा एक सेल कायमचा गेलेला असतो. त्या बॅटरीवर आणखी वेळ घालवू नये.

१९८९ मध्ये माझदाची मियाटा आली तेव्हा बॅटरी डिकीत गेली. साधी नव्हे, काचेच्या तंतूंच्या चटईत ॲसिड शोषून धरणारी सीलबंद एजीएम, आणि तिच्यातून निघणारा थोडाफार वायू बाहेर नेणारी बारीक नळी. पुढच्या मालकांनी पैसे वाचवायला तिच्या जागी पाण्याची स्वस्त बॅटरी बसवली, नळी लोंबकळत सोडली आणि डिकीचा पत्रा आतून खाल्ला गेला. बॅटरी बदलताना तिचा प्रकार बदलू नये, हा धडा या लहानशा गाडीने अनेकांना महागात शिकवला.

नव्वदच्या दशकात खरा फरक पडला तो उभ्या गाडीत. अलार्म, किल्लीच्या रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर, कॉम्प्युटरच्या मेमऱ्या आणि १९९८ पासून युरोपात नव्या गाड्यांना सक्तीचा झालेला इमोबिलायझर. कुलूप लावून मालक घरी गेला तरी गाडी जागीच. हिशेब करून पाहा. उभ्या गाडीने ५० मिलिअँपिअर ओढले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. साठ अँपिअर-अवरची बॅटरी पंचवीस दिवसांत अर्धी होते. नवी आणि पूर्ण भरलेली असेल तर. तीन उन्हाळे काढलेली असेल तर त्याच्या आधीच.

आणि याच सुमारास, म्हणजे २००० च्या आगेमागे, ९११ च्या पुढच्या झाकणाची यांत्रिक खटकी जाऊन विजेची आली. बॅटरी त्या झाकणाखाली, आणि झाकण उघडायला बॅटरी हवी!

पुण्यात एका स्नेह्यांच्या ९९७ पिढीतल्या ९११ वर हे सगळं जवळून पाहिलं. रिमोट निपचित. किल्लीचं पातं दारात फिरवून दार उघडलं. उघडतानाच काळजी घ्यावी लागली, कारण या गाडीची बिनचौकटीची काच दार उघडताना थोडी खाली सरकते, आणि वीज नसेल तर सरकत नाही. दार ओढलं की काच वरच्या रबरावर घासते. मग पायाशी असलेल्या फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं. आत फ्यूज ओढायचा प्लास्टिकचा चिमटा असतो. त्याने एक टर्मिनल बाहेर ओढलं, ते बोटभर पुढे आलं. त्याला बाहेरच्या छोट्या बॅटरीची लाल तार, आणि काळी तार दाराच्या कुलपाच्या उघड्या लोखंडी कडीला. त्या क्षणी अलार्म किंचाळला. किल्लीचं बटण दाबून तो गप्प केला, झाकणाचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरलं आणि पुढून टक् असा आवाज आला. तारा लगेच काढल्या. ही वाट फक्त झाकण उघडण्यासाठी आहे. त्या बारीक वायरीतून सेल्फ मारायला गेलं तर वायर जळेल.

मीटर लावला तर बॅटरी पाच व्होल्टच्याही खाली. स्मार्ट चार्जर लावला, तो तिला ओळखेचना, कारण इतक्या कमी व्होल्टेजला समोर बॅटरी आहे हेच बहुतेक चार्जर मानत नाहीत. गॅरेजवाल्या मुलाने दुसरी चांगली बॅटरी थोडा वेळ समांतर जोडली, व्होल्टेज वर आणलं, आणि मग चार्जर जागा झाला. रात्रभर मंद चार्जिंग झालं. सकाळी १२.७, संध्याकाळी काहीही न वापरता १२.१. म्हणजे उत्तर मिळालं. त्याच आकाराची एजीएम आणून बसवली. बसवल्यावर दोन्ही काचा वरपर्यंत नेऊन बटण दाबून धरलं, त्यांना आपली जागा पुन्हा शिकवली. डॅशबोर्डवरचा स्थैर्य-नियंत्रणाचा दिवा विझायला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं लागलं. कितीतरी लोक हा दिवा पाहून घाबरतात आणि वर्कशॉप गाठतात.

विजेच्या खटकीची ही गोष्ट केवळ गैरसोयीची नाही. २००५ च्या मॉडेलपासून शेव्हरले कॉर्व्हेटच्या दारांना आतून-बाहेरून विजेची बटणं आली. वीज नसेल तेव्हासाठी सीटच्या बाजूला जमिनीलगत हाताने ओढायची कडी दिली होती, आणि ती पुस्तिकेत लिहिलेलीही होती. २०१५ च्या जूनमध्ये टेक्सासात बॅटरीची केबल निसटलेल्या एका कॉर्व्हेटमध्ये चालक आणि त्याचा कुत्रा अडकले आणि उन्हाच्या तापाने दोघांचाही जीव गेला. कडी तिथेच होती. ही घटना वाचल्यापासून कोणाच्याही नव्या गाडीत बसलो की मी आधी आतली खटकी शोधतो. दाराचं हँडल हाताशी, डोळ्यांसमोर आणि वीज नसताना चालणारंच असलं पाहिजे. यात शोभेसाठी तडजोड करणं मला अक्षम्य वाटतं.

त्याच काळात वजनाचं जुनं वेड पुन्हा बॅटरीपर्यंत पोहोचलं. जानेवारी २०१० पासून पोर्शेने ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडरसाठी लिथियम-आयन स्टार्टर बॅटरीचा पर्याय दिला. वजन सहा किलोच्या आत, नेहमीच्या बॅटरीपेक्षा १० किलोंहून कमी. जर्मनीत किंमत १,९०४ युरो. शून्याखालच्या थंडीत ती सेल्फ मारायला कमी पडते म्हणून सोबत शिशाची बॅटरीही मिळायची. लिथियमचा स्वभाव वेगळा असतो. ती फार खाली गेली की तिच्यातलं संरक्षक सर्किट स्वतःला तोडून घेतं, मीटर शून्य दाखवतो आणि बॅटरी मेली असं वाटतं. तिला जागं करायला लिथियमसाठीचाच चार्जर लागतो.

आपल्याकडे या सगळ्याची परीक्षा एकाच वेळी झाली ती २५ मार्च २०२० नंतर. लॉकडाऊन लागला, बॅटरीची दुकानं बंद, आणि मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या तळघरांत गाड्या उभ्याच्या उभ्या. पंचवीस दिवसांचा वर मांडलेला हिशेब लोकांनी प्रत्यक्ष पाहिला. कोणी दर चार दिवसांनी खाली उतरून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत होतं. हा उपाय फसवा आहे. सेल्फ मारताना गेलेली वीज उभ्याने चालणाऱ्या इंजिनातून पुरती भरून येत नाही, आणि थंड इंजिनाच्या ऑइलमध्ये ओल साठते ती वेगळीच. कोणी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवली. तो उपाय खरोखर चांगला, पण विजेच्या खटकीच्या गाडीत झाकण आपटून बंद करू नये, नाहीतर तीच तार जोडायला आत जाता येत नाही.

योग्य उपाय साधा आहे: सतत लावून ठेवायचा मेंटेनर. स्वीडनची सीटेक ही कंपनी १९९७ पासून असे चार्जर करते. पोर्शे स्वतः देते तो तर लायटरच्या सॉकेटमध्येही लागतो. तो बॅटरी भरतो, थांबतो, थोडी उतरली की पुन्हा भरतो. पण आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये प्लगच नसतो. करोडोंची गाडी विकत घेता येते, तिच्या खांबाजवळ पंधरा अँपिअरचा पॉइंट मिळवायला कमिटीच्या बैठका घालाव्या लागतात. हल्ली इलेक्ट्रिक गाड्यांमुळे पार्किंगमध्ये वायरिंग यायला लागली आहे. त्या निमित्ताने स्पोर्ट्स कारवाल्यांनीही आपला पॉइंट मागून घ्यावा.

२०२४ मध्ये ९११ ची कारेरा जीटीएस टी-हायब्रिड आली. पुढे जिथे पिढ्यान्‌पिढ्या बारा व्होल्टची बॅटरी असे, तिथे आता ४०० व्होल्टची, १.९ किलोवॅट-अवरची, २७ किलोची हायब्रिड बॅटरी बसते. बारा व्होल्टची लहान लिथियम बॅटरी मागे सरकली आहे. कुलपं, दिवे, कॉम्प्युटर अजूनही तिच्याच जिवावर.

तुमच्याकडे अशी गाडी असेल, किंवा घरात कोणाकडे असेल, तर या आठवड्यात पुस्तिकेतलं आपत्कालीन दार आणि झाकण उघडण्याचं पान काढा, गाडीत बसून ती कडी हाताने ओढून पाहा, आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवा.