अर्धांगवायू : पहिले साडेचार तास मोलाचे

जेवता जेवता हातातला घास गळून पडतो, तोंड वाकडे होते, शब्द अडखळतात. घरात कोणी तेल चोळते, कोणी अंगारा लावते. आणि मोलाचा वेळ निघून जातो.

अर्धांगवायू हा हातापायांचा नव्हे, मेंदूचा विकार आहे. मेंदूचा डावा भाग उजव्या अंगाचे, तर उजवा भाग डाव्या अंगाचे नियंत्रण करतो. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा ती फुटली, की विरुद्ध बाजूचे अंग लुळे पडते. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे ४.५ तासांच्या आत द्यावे लागते. रक्तस्राव असल्यास मात्र तेच घातक ठरते; म्हणून आधी सीटी स्कॅन आवश्यक असतो. यास्तव १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका त्वरित बोलवावी, लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. रुग्णास तोंडाने पाणी वा औषध देऊ नये.

पुढील शुश्रूषाही तितकीच महत्त्वाची. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस सुमारे दर २ तासांनी बदलावी, म्हणजे शय्याव्रण टळतात. तज्ज्ञांच्या सल्ल्याने व्यायाम लवकर सुरू करून नेटाने चालू ठेवल्यास अनेक रुग्ण पुन्हा चालू लागतात.

रक्तदाब नियमित तपासणे, बरे वाटले तरी गोळ्या न थांबविणे आणि तंबाखू सोडणे, हाच या विकारास खरा प्रतिबंध होय.