श्रोता की भक्त? : माणदेशातून ऐकलेले 'गीतरामायण'

रसग्रहण हा शब्द आपल्या समीक्षेत फार सोवळा होऊन बसला आहे. गाण्याचे रसग्रहण करायचे म्हणजे राग सांगायचा, शब्दांची नजाकत सांगायची, गायकाच्या गळ्याचे कौतुक करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. ऐकणारा माणूस कोठे बसून ऐकत होता, हे कोणी विचारीत नाही. खुर्ची, रेडिओ आणि फुरसत त्याच्याकडे असणारच, हे गृहीतच धरलेले असते. शिवाय गाण्यातली कथा त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या भक्तीने सांगितली गेली असणार, हेही गृहीत असते. ही गृहीते ज्याला लागू पडत नाहीत, त्या श्रोत्याचे रसग्रहण कसे असेल? हा प्रश्न मी 'गीतरामायणा'पुरता विचारणार आहे. त्याचा कवी माणच्या मातीतला आहे, आणि माणकाठच्या महारवाड्या-मांगवाड्यांच्या कानांवरही ही गाणी पडलेलीच आहेत.

आधी या प्रकाराविषयी थोडे. अनेक गाण्यांची मिळून एकच कृती करायची, ती ठरल्या क्रमानेच ऐकायची, हा प्रकार आजच्या विद्यार्थ्याला बहुधा इंग्रजी रॉक संगीतातून ठाऊक असतो. साठोत्तरीच्या अखेरीस इंग्लंडातल्या काही तरुणांनी तीन मिनिटांच्या सुट्या गाण्याची चौकट मोडली. तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एकच विषय मांडायचा, गाणे गाण्यात विरघळू द्यायचे, असा त्यांचा बेत होता. त्याला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात. 'पिंक फ्लॉइड' या मंडळींची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही 1973 सालची तबकडी या प्रकारातली सर्वांत गाजलेल्या तबकड्यांपैकी एक. विषय काय, तर वेळ, पैसा, वेड आणि मरण. हृदयाच्या ठोक्यांनी ती सुरू होते आणि ठोक्यांनीच संपते. अमेरिकेतल्या खपाच्या यादीत ती 1973 ते 1988 या काळात सातशेहून अधिक आठवडे होती. तिचे चाहते अंधार करून, मधले एकही गाणे न गाळता ती ऐकतात. मधलेच एखादे उचलून ऐकणे त्यांना पोथीचे पान फाडण्यासारखे वाटते.

आपल्याकडे हे क्रमाने ऐकणे अठरा वर्षे आधीच घडले होते, आणि तेही तबकडीशिवाय. 2 ऑक्टोबर 1953 रोजी पुणे आकाशवाणी सुरू झाली. तेथले अधिकारी सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांना वर्षभर चालेल अशा गीतमालेची गळ घातली. सुधीर फडके यांनी चाली दिल्या. 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीला पहिले गीत लागले आणि 19 एप्रिल 1956 च्या रामनवमीला शेवटचे. बावन्न आठवड्यांची बावन्न गीते ठरली होती, पण मध्ये अधिक मास आला आणि छप्पन झाली. प्रत्येक गीत कथेतल्या कोणा एकाच्या तोंडचे. त्यामुळे गायक बदलत. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, मालती पांडे, राम फाटक, स्वतः फडके. नवे गीत शुक्रवारी सकाळी लागे, मग शनिवारी-रविवारी पुन्हा. पुढचे ऐकायला आठवडा थांबावे लागे. हे थांबणे हाच या कृतीच्या बांधणीचा मोठा भाग होता, असे मला वाटते. आज एका दमात छप्पनही गीते वाजवता येतात. पण वर्षभर कथेबरोबर चालत राहण्याचा तो अनुभव त्यात उरत नाही.

माडगूळकर 1919 साली शेटफळ्याला जन्मले. गाव माडगुळे, तालुका आटपाडी. तेव्हाचे औंध संस्थान, आजचा सांगली जिल्हा. संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. त्यांचे 'चित्ररामायण' 1916 सालीच छापून निघाले होते. म्हणजे या दुष्काळी मुलखात रामकथा राजवाड्यातून, कीर्तनातून आणि जात्यावरून अशी तिन्ही वाटांनी वाहत होती. माडगूळकरांच्या शब्दांत जो सोपेपणा आहे, तो संस्कृत पंडिताचा नव्हे. लावणी, पोवाडा, ओवी कानांत मुरलेल्या माणसाचा तो आहे. माणदेशाचे हे ऋण आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्यात कमीपणा कसला?

पण त्याच आटपाडीत 1921 साली दुसरा एक लेखक जन्मला. शंकरराव खरात. त्यांचे वडील गावचे तराळ. दवंडी द्यायची, टपाल पोचवायचे, मेलेल्याची खबर सांगत गावोगाव फिरायचे, हे त्या घराचे काम. एकच तालुका, एकच संस्थान, वयात दोन वर्षांचेही अंतर नाही. एक 1973 साली साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, दुसरा 1984 साली. एकाने छप्पन गीतांत रामकथा सांगितली; दुसऱ्याने 'तराळ-अंतराळ' लिहिले. माणदेशाचे रसग्रहण करायचे तर ही दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवूनच करावे लागेल.

आता 1955 साली हे ऐकले कोणी? रेडिओ बाळगायला टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. माणदेशातल्या बहुतेक गावांना वीज नव्हती, म्हणजे बॅटरीवरचा संच हवा. ट्रान्झिस्टर स्वस्त होऊन खेड्यांत यायला अजून बरीच वर्षे होती; सांगलीचे आकाशवाणी केंद्र तर 1963 चे. तेव्हा गावातला रेडिओ असायचा तो एखाद्या वाड्यात, पेठेतल्या दुकानात, नाहीतर चावडीवर. वाड्याची ओसरी कोणासाठी मोकळी होती आणि चावडीच्या कोणत्या पायरीपर्यंत कोणाला येता येई, हे या नियतकालिकाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा त्याच 1955 सालचा. कायदा दिल्लीत झाला म्हणून माणकाठची ओसरी त्याच साली मोकळी झाली नाही. ज्या होलारांनी गावाच्या लग्नांत सनई फुंकली आणि ज्या मांगांनी हलगी कडाडवली, ते स्वर-तालाचे जाणकार लोक. या नव्या संगीताचे श्रोते ते झाले असतील तर अंगणातून. अंगणातून ऐकलेले गाणे आणि ओसरीवर बसून ऐकलेले गाणे, एकच कसे असेल?

'गीतरामायणा'त खालच्या मानलेल्या माणसांना आवाज नाही, असे मात्र म्हणता येत नाही. शबरीला स्वतंत्र गीत आहे. गंगा पार करून देणाऱ्या निषाद नावाड्यांना आहे, आणि त्याची लय तर वल्ह्याच्या कष्टातून उचललेली आहे. माझ्या मते सगळ्या मालेतल्या उत्तम रचनांत ते बसते. पण ही माणसे बोलतात ती केव्हा? सेवा करताना आणि धन्य होताना. प्रश्न विचारणाऱ्याला गीत नाही.

शंबूकाला नाही. वाल्मीकीच्या नावावरच्या उत्तरकांडात ब्राह्मणाचा मुलगा अकाली मरतो, त्याचा दोष तप करणाऱ्या शूद्रावर ठेवला जातो, आणि रामाच्या हातून शंबूकाचे मस्तक तुटते. मुलगा जिवंत होतो. उत्तरकांड मूळ रामायणाचे नव्हे, म्हणून कवीने घेतले नसेल, असा बचाव काही जण करतात. तो टिकत नाही. सीतेचा त्याग त्याच कांडातला. त्यावरचे सीतेचे गीत मालेत आहे आणि ते हृदय पिळवटून टाकणारे आहे. सबंध मालेची चौकटच, कुश-लव रामापुढे त्याचीच कथा गातात ही, उत्तरकांडातली आहे. म्हणजे कवीने उत्तरकांडातून निवड केली, आणि शंबूक निवडीबाहेर राहिला. डॉ. बाबासाहेबांनी 1936 सालच्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात शंबूकाची कथा नेमकी कशासाठी घेतली आहे, ते पाहावे. चातुर्वर्ण्य शिक्षेच्या धाकाशिवाय टिकूच शकत नाही, हे दाखवण्यासाठी. एका माणसाच्या रागा-लोभाची ती गोष्ट नाही, व्यवस्थेची आहे. छप्पन गीतांच्या भव्य वाड्यातून तीच खोली वगळली गेली.

येथे त्या इंग्रजी तबकडीकडे पुन्हा वळतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिच्या कर्त्यांनी काही प्रश्न कार्डांवर लिहिले, आणि स्टुडिओत जो भेटेल त्याची उत्तरे टिपून घेतली. वेडाविषयी, मारामारीविषयी, मरणाविषयी. त्यांत स्टुडिओचा दारवान होता, जेरी ओ'ड्रिस्कॉल नावाचा. तबकडीतले शेवटचे बोल त्याचे आहेत. कृती तेवढ्याने क्रांतिकारक होत नाही. ती मोठ्या कंपनीने विकलेली आणि अफाट पैसा मिळवलेली वस्तूच आहे. तरी दारावरचा माणूस आत आला, आणि धन्य न होता बोलला, एवढे त्यात घडले.

'गीतरामायणा'च्या श्रोत्यांचे जे वर्णन पिढ्यान् पिढ्या अभिमानाने सांगितले जाते, त्याकडे आता पाहू. गीत लागण्याच्या वेळी लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, हात जोडून बसत. संगीताला याहून मोठी दाद कोणती, असे म्हटले जाते. मला उलट वाटते. येथे श्रोता संपला आणि भक्त सुरू झाला. श्रोत्याला मान हलवता येते, नापसंतीही दाखवता येते, मध्येच उठून जाता येते. हार घातलेल्या यंत्रापुढून उठून जाणाऱ्याला मात्र पाखंडी म्हणतात. शेवटचे गीत लागून सहा महिने पुरते व्हायच्या आत, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, आणि राम-कृष्णांना देव मानणार नाही, ही प्रतिज्ञा केली. त्या माणसाने यापुढे हे गाणे कसे ऐकावे, याचे उत्तर मराठी संगीतसमीक्षेने दिले नाही, कारण तिने हा माणूस श्रोता म्हणून मोजलाच नव्हता.

आपल्यातल्या कित्येकांनी सोपे उत्तर दिले. कानच बंद केले. त्या काळी ते गरजेचेही होते. नव्या घराला जुनी खुंटी नको असते. पण आपल्या आया-आज्यांचे काय? जात्यावर सीतेचा वनवास त्यांनी आयुष्यभर गायिलेला. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांच्या संग्रहात महाराष्ट्रातल्या लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्यांत सीतेचे दुःख सांगणाऱ्या ओव्या आहेत, तशा बाबासाहेबांवरच्याही आहेत. ओवीतली सीता ही देवी कमी आणि सासुरवाशीण जास्त. घराबाहेर काढलेली बाई. रामाला जाब विचारण्याची हिंमत ओवीत आहे, गीतात ती विलापापर्यंत येऊन थांबते. रेडिओवरचे सीतेचे गीत ऐकून एखाद्या बौद्ध म्हातारीचे डोळे भरले, तर तिची प्रतिज्ञा मोडली असे मी मानत नाही. ती राम ऐकत नसते. टाकलेली बाई ऐकत असते.

म्हणून शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांकडून शबरीचे गीत बसवून घ्यायचे काम दहिवडी-म्हसवडच्या आपल्या एखाद्या शिक्षकाकडे आले, तर त्याने काय करावे? माझ्या मते गीत अवश्य समजावून सांगावे, चाल कशी बांधली आहे ते दाखवावे. फडक्यांची चाल शब्दाच्या एका मात्रेलाही धक्का लावीत नाही, हे दाखवण्यासारखेच आहे. आणि मग मुलांना विचारावे की छप्पन गीतांच्या या सभेत कोण आलेले नाही. हार घालायला आणि हात जोडायला मात्र ठाम नकार द्यावा. पिंक फ्लॉइड ऐकताना आपल्याला कोणी हात जोडायला सांगत नाही. मग येथेच ती अट कशाला?

हा निकष आपल्याही गाण्यांना लावावा लागेल, आणि तेथे मामला जड जातो. आंबेडकरी जलशाला एकेकाळी रात्रभर बसून ऐकणारा श्रोता होता. महाडचे तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, नागपूर, हे सारे एका रात्रीत क्रमाने गाण्यांतून उलगडे. भीमराव कर्डकांच्या मंडळींनी हा श्रोता घडवला, वामनदादा कर्डकांनी त्याला शब्द दिले. मधल्या काळात कॅसेट आली. 1980 नंतर ती इतकी स्वस्त झाली की वाड्या-वस्त्यांवर भीमगीते पोचली, आणि ज्याला वाड्याच्या ओसरीवर जागा नव्हती त्याच्या स्वतःच्या घरात त्याचे स्वतःचे गाणे वाजू लागले. हा फार मोठा पालट होता. पण आज 14 एप्रिलला गावोगाव ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात. छातीत धडधडते, शब्द ऐकू येत नाही. वामनदादांनी ज्या शब्दासाठी पायपीट केली, तो ठोक्याखाली गाडला जातो, आणि समोर नाचणारा पोरगा श्रोता राहत नाही. त्याचा भक्त होतो, फक्त फोटो बदललेला.

शिवाय कॅसेटच्या वेष्टनावर कवीचे नाव शोधून पाहा. बरेचदा गायकाचे असते, कंपनीचे ठळक असते, कवी कोठेच नसतो. ज्या तबकडीचे एवढे कौतुक वर केले, तिच्यातही हेच झाले होते. तिच्यात क्लेअर टोरी या गायिकेने शब्दांवाचून केवळ आक्रोशाने एक अख्खे गाणे तोलून धरले आहे. मोबदला मिळाला तीस पौंड. तीस वर्षांनंतर ती कोर्टात गेली, आणि 2005 साली तडजोड होऊन सहरचनाकार म्हणून तिचे नाव लागले. आपले कवी कोणत्या कोर्टात जाणार? कित्येक जण गेलेही.

तेव्हा आटपाडी, दहिवडी, म्हसवडच्या कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना एक काम सुचवावेसे वाटते. घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांत जुन्या कॅसेटी पडून आहेत. फिती चिकटायला लागल्या आहेत. त्या गोळा कराव्यात. महिन्यातून एका रात्री विहारात बसून एक कॅसेट पहिल्या बाजूपासून दुसऱ्या बाजूच्या अखेरपर्यंत, मध्ये न बोलता, हळू आवाजात ऐकावी. म्हाताऱ्यांना पुढे बसवावे, कारण हे कडवे कोणाचे आणि ही चाल कोठून उचलली हे तेच सांगू शकतील. सांगतील ते नाव त्याच रात्री वहीत उतरवून घ्यावे. एखादे कडवे पटले नाही तर तेही लिहावे, कोणाला पटले नाही आणि का, यासकट.